स्नोशू निवडताना : हिमावर प्रथमच चालणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

स्नोशू (हिमात पाय कमी रुतावा म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घ्यायला गेलेला नवखा माणूस बहुतेक वेळा आपल्या बुटाचा नंबर सांगून बोलायला सुरुवात करतो आणि निवड तेथेच चुकायला लागते. स्नोशूचे माप बुटाच्या नंबरावरून ठरत नाही; एकाच स्नोशूच्या पट्ट्यांत बहुतेक प्रौढांचे बूट बसतात. माप ठरते ते दोन गोष्टींवरून : त्याच्यावर एकूण भार किती पडणार आणि खालचे हिम किती भुसभुशीत असणार. तळाचे दाते, बिजागरी, पट्टे, सांगाडा हे सगळे त्यानंतर येते. या लेखातील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत आणि शक्यतो तो क्रम मोडू नये, कारण पट्ट्यांची आकर्षक रचना पाहून आधी मॉडेल पसंत केले की माप त्याच्यामागे फरपटत जाते.

एका शब्दाचा खुलासा आधीच केलेला बरा. बोलताना आपण हिमालाही सर्रास बर्फ म्हणतो. येथे मात्र आकाशातून पडून साचलेला, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला थर म्हणजे हिम आणि पाणी गोठून झालेला टणक पदार्थ म्हणजे बर्फ, असा भेद पाळला आहे. स्नोशू हे हिमावरचे साधन आहे. बर्फावर त्याचा उपयोग बेताचाच.

पाय का रुततो

हिमात पाय रुततो, कारण शरीराचे सगळे वजन बुटाच्या तळव्याएवढ्या लहानशा जागेवर पडते. कपडे, बूट आणि पाठपिशवी धरून ८० किलो भार असलेला माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या बुटाचा तळवा साधारण २८० चौरस सेंटिमीटरचा असला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २८५ ग्रॅम भार येतो. तोच माणूस सुमारे ६४ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद स्नोशूवर उभा राहिला, तर गोलाई वजा जाता जवळपास १,१०० चौरस सेंटिमीटर जागा मिळते आणि भार ७३ ग्रॅमवर, म्हणजे जवळजवळ चौथाईवर येतो. स्नोशूची सारी करामत एवढ्या एका भागाकारात आहे.

स्नोशू घातले की पाय मुळीच रुतणार नाही, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ताज्या हिमात योग्य मापाचा स्नोशूही चार बोटे, प्रसंगी वीतभर खाली जातो. मांडीपर्यंत रुतून दर पावलाला पाय उपसून काढण्याच्या तुलनेत ते काहीच नाही. पण पहिल्याच फेरीत वीतभर रुतल्यावर ‘माप लहान पडले’ असे समजून पुढच्या वेळी अवाढव्य स्नोशू आणणारे पुष्कळ असतात.

पहिली पायरी : हिम कोणते, हे ठरवावे

नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता दर घनमीटरला सुमारे ५० ते १०० किलो असते. काही दिवस बसून दबलेल्या हिमाची ती २०० ते ३०० किलो होते आणि वाऱ्याने ठोकून घट्ट केलेला थर ३५० ते ४०० किलोपर्यंत जातो. पाण्याची घनता १,००० किलो असते हे लक्षात घेतले, तर ताजे हिम म्हणजे बहुतांशी हवाच असते हे ध्यानात येते. म्हणूनच एकच माणूस, तेच ओझे आणि तोच स्नोशू असूनही सोमवारी तरंगत चालता येते आणि गुरुवारी रात्री हिमवर्षाव झाला की शुक्रवारी गुडघाभर झगडावे लागते.

आपण जेथे जाणार आहोत तेथे नेहमी कसे हिम असते, याची चौकशी तेथे वारंवार जाणाऱ्यांकडे करावी. समुद्राजवळच्या डोंगरांवरचे हिम बहुधा ओलसर आणि जड असते, तर खंडांच्या आतल्या, कडक थंडीच्या आणि कोरड्या हवेच्या पर्वतांवरचे हिम पिठासारखे असते. एकाच डोंगरावरही दाट झाडीत वारा पोहोचत नसल्यामुळे हिम मऊ राहते आणि उघड्या धारेवर ते पायाखाली खडखडीत लागते. वसंताच्या सुरुवातीला तर सकाळी कडक पापुद्रा आणि दुपारी रबरबीत चिखल, असा एकाच दिवसात दोन टोकांचा अनुभव येतो.

ज्या वाटेवरून रोज माणसे जाऊन ती मळलेली आहे, तेथे स्नोशूची गरजच नसते. बुटावर चढवायच्या साखळीच्या काट्यांनी काम भागते. साधा ठोकताळा असा की, नुसत्या बुटाने पाय घोट्याच्या वर रुतू लागला की स्नोशू बांधावेत. पहिल्या हिवाळ्यात आपण फक्त मळलेल्या वाटांवरच फिरणार आहोत, असे प्रामाणिक उत्तर आले, तर खरेदी पुढे ढकलायला हरकत नाही.

दुसरी पायरी : एकूण भार मोजून लांबी ठरवावी

प्रौढांसाठीचे स्नोशू बहुधा २२, २५, ३० आणि ३६ इंच लांबीचे, म्हणजे अनुक्रमे ५६, ६४, ७६ आणि ९१ सेंटिमीटरचे मिळतात आणि रुंदी साधारण २० ते २५ सेंटिमीटर असते. प्रत्येक मॉडेलसोबत उत्पादक भाराची मर्यादा देतो. हा भार शरीराचा एकट्याचा नसून अंगावरच्या आणि पाठीवरच्या सगळ्या वस्तूंसह असतो. सकाळी उघड्या अंगाने वजनकाट्यावर उभे राहून आलेला आकडा घेऊन तक्ता पाहणे, ही निवडीतील सर्वांत सामान्य चूक आहे. ६४ किलो वजनाच्या व्यक्तीने हिवाळी कपडे आणि बूट यांचे ५ किलो, आणि पाणी, थर्मास, जेवण, जादा जाकीट यांनी भरलेल्या पाठपिशवीचे ९ किलो धरले की आकडा ७८ वर जातो, आणि तक्त्यातील ओळ बदलू शकते.

ढोबळ मानाने, ८० किलोच्या आसपासच्या भाराला बसलेल्या हिमात २५ इंची स्नोशू पुरतो, १०० किलोच्या आसपास ३० इंची लागतो आणि त्याहून जड भार किंवा खोल कोरडे हिम असेल तर ३६ इंचीचा विचार करावा लागतो. मात्र रुंदी, आकार आणि सांगाड्यावर ताणलेल्या मधल्या पडद्याची रचना यांमुळे दोन उत्पादकांच्या एकाच लांबीच्या स्नोशूंची मर्यादा वेगळी असते. त्यामुळे अंतिम निर्णय त्या त्या मॉडेलच्या तक्त्यावरूनच घ्यावा. छापलेली कमाल मर्यादा सगळ्या प्रकारच्या हिमाला सारखीच लागू पडेल, असेही मानू नये. आपला भार मर्यादेच्या अगदी कडेला असेल आणि जाणे पिठासारख्या हिमात असेल, तर पुढचे माप पाहावे.

आता उलट बाजू, आणि माझ्या मते नवख्याला हीच अधिक समजावून सांगावी लागते. ‘मोठे घेतले तर काय बिघडले?’ हा विचार स्वाभाविक आहे, पण बिघडते पुष्कळ. मोठा स्नोशू जड असतो आणि पायाला बांधलेले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी अधिक दमवते, कारण ते हजारो वेळा उचलून पुढे टाकावे लागते. रुंद स्नोशूमुळे पाय फाकवून चालावे लागते, ज्याने दोन तासांत जांघा आणि खुबे आखडतात. पाय नैसर्गिकपणे जवळ ठेवला की एका पायाचा स्नोशू दुसऱ्याच्या कडेवर पडतो आणि माणूस तोंडघशी पडतो. झाडीत वळणे अवघड होते, आणि आडव्या उतारावर रुंद कडेचा ताण थेट घोट्यावर येतो. म्हणून नियम असा ठेवावा की, आपण ज्या हिमावर खरोखर चालणार आहोत त्यावर आपला भार पेलेल असा सर्वांत लहान स्नोशू निवडावा.

ज्यांचे जाणे कधी घट्ट तर कधी खोल हिमात असते त्यांच्यासाठी एक चांगली तडजोड उपलब्ध आहे. काही लहान स्नोशूंना मागे जादा शेपूट जोडता येते. एमएसआर या उत्पादक कंपनीच्या काही मॉडेलांसाठी ती सुमारे १३ ते १५ सेंटिमीटर लांबीची मिळते. एरवी ती पिशवीत ठेवावी आणि ताजे हिम लागले की लावावी.

स्त्रियांसाठी म्हणून विकले जाणारे स्नोशू बहुधा अरुंद आणि मागे निमुळते असतात, तर त्यांची बांधणी लहान बुटांना जुळवलेली असते. हलक्या वजनाच्या, आखूड पाऊल टाकणाऱ्या पुरुषालाही ते सोयीचे पडू शकतात. लेबलकडे न पाहता माप आणि बसणे पाहावे. लहान मुलांसाठी अंगणात खेळण्यापुरते प्लॅस्टिकचे स्नोशू मिळतात. त्यांचे दाते जेमतेम असतात, त्यामुळे चढावर नेण्यासाठी ते घेऊ नयेत.

तिसरी पायरी : उतार पाहून दाते निवडावेत

सपाट माळ, गोठलेल्या तळ्याभोवतीची वाट किंवा रुंद जंगलरस्ता एवढेच मनात असेल, तर चवड्याखाली आणि टाचेखाली मध्यम दाते असलेला साधा स्नोशू पुरेसा आहे. चढउतार आले की टाचेखालचे दाते महत्त्वाचे ठरतात, कारण उतरताना सगळा भार टाचेवर येतो आणि तेथे पकड नसेल तर स्नोशूची घसरगाडी होते.

खरी परीक्षा असते ती आडव्या उताराची, म्हणजे डोंगराची एक बाजू वर आणि दुसरी खाली ठेवून तिरके चालण्याची. गोल नळीचा सांगाडा असलेला स्नोशू तेथे कडक पापुद्र्यावर बाजूला निसटतो, कारण गोल कडेला रुतायला धारच नसते. उलट ज्या स्नोशूचा सांगाडाच उभ्या, दातेरी पट्टीचा असतो किंवा ज्याच्या तळाला लांबीच्या दिशेने दातेरी पट्ट्या बसवलेल्या असतात, तो कडेने हिमाला धरून राहतो. डोंगरात जायचा विचार असेल तर पैसे येथे खर्च करावेत, दिखाऊ बकलांवर नव्हे.

डोंगरी स्नोशूंना टाचेखाली वर उचलता येणारी एक तारेची कमान असते. लांबलचक चढावर ती उभी केली की टाच तिच्यावर टेकते, पाऊल जवळजवळ सपाट राहते आणि पोटऱ्यांवरचा ताण बराच कमी होतो. सपाटीवर तिचा काही उपयोग नाही, पण चढ असलेल्या भागात जाणाऱ्याने तिच्याशिवायचे मॉडेल घेऊ नये. ती काठीच्या टोकाने उचलता आणि पाडता येते का, हे घेतानाच पाहावे. दर वेळी वाकून हाताने उचलावी लागली तर ती कोणी उचलत नाही.

येथे एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चांगले दाते आणि ही कमान यांच्या जोरावर माणूस ३० अंशांच्या उतारावर सहज चढू शकतो, आणि हिमलोट, म्हणजे उतारावरून कोसळणारे हिमाचे लोंढे, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच सुटतात. पकड चांगली आहे याचा अर्थ उतार सुरक्षित आहे असा होत नाही. स्थानिक हिमलोट सूचना न वाचता आणि हिमाखाली गाडलेल्या माणसाला शोधून काढण्यासाठी लागणारे संदेशक यंत्र, शोधकाठी, फावडे व ती वापरण्याचा सराव असल्याशिवाय अशा उतारावर किंवा त्याच्या पायथ्याशीही जाऊ नये. पहिल्या हिवाळ्यात सौम्य उतारांचाच प्रदेश निवडणे शहाणपणाचे आहे.

चौथी पायरी : बिजागरी

बूट स्नोशूला चवड्यापाशी जोडलेला असतो आणि टाच मोकळी असते. हा सांधा दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात तो दांड्यावर मोकळा फिरतो. पाय उचलला की स्नोशूची शेपूट खाली लोंबते, तिच्यावरचे हिम गळून पडते आणि उभ्या चढावर चवडा हिमात ठोकून पायरी करता येते. दुसऱ्या प्रकारात सांधा ताणलेल्या पट्ट्यावर असतो. पाय उचलताच शेपूटही वर येते, त्यामुळे आडवे पडलेले ओंडके ओलांडणे आणि भरभर चालणे सोपे जाते, पण दर पावलाला हिम उडून मांड्यांवर आणि पाठीवर येते. डोंगरासाठी पहिला आणि सपाटीवरच्या वेगवान चालीसाठी दुसरा, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

पाचवी पायरी : बांधणी, आणि ती हातमोजे घालूनच तपासावी

उबदार खोलीत उघड्या बोटांनी प्रत्येक बांधणी सुलभच वाटते. उणे दहा अंशांत, वारा सुटलेला असताना, जाड हातमोज्यांनी आणि बकलांवर गोठलेल्या हिमाच्या थरासह तीच बांधणी कशी वागेल, हे पाहायचे असते. म्हणून स्नोशू पाहायला जाताना आपले हिवाळी बूट आणि हातमोजे सोबत न्यावेत आणि ते घालूनच पट्टे तीनचार वेळा बांधून सोडून पाहावेत.

रबरासारख्या लवचीक पट्ट्यांना छिद्रे असतात आणि ते साध्या काट्यात अडकवायचे असतात. ही रचना जुन्या वळणाची दिसते, पण थंडीत बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नसते आणि पट्टा तुटला तर तो जागेवर बदलता येतो. खाचांच्या पट्टीचे बकल झटपट आवळते, मात्र खाचांत हिम भरून गोठले की अडते. चकती फिरवून बारीक तार आवळणारी रचना पायाभोवती सारखा दाब देते आणि वापरायला फार सुखाची असते. तार तुटली तर मात्र वाटेतली दुरुस्ती कठीण. नवख्याला मी पहिल्या प्रकाराकडे ढकलतो, हे मान्य करतो.

बूट बांधल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. चवड्याचा सर्वांत रुंद भाग बिजागरीच्या बरोबर वर यावा. पाऊल पुढे झुकवले असता बुटाचे टोक पुढच्या पोकळीतून मोकळे खाली जावे, सांगाड्याला अडू नये. टाच डावी-उजवीकडे हलवली असता बूट बांधणीतून सरकू नये. उबदार हिवाळी बुटांचे नाक अवजड असते आणि काही बांधण्यांत ते मावतच नाही. आपल्या बुटाशिवाय केलेली खरेदी येथे हमखास फसते. बहुतेक स्नोशूंत डावा-उजवा भेद असतो, आणि पट्ट्यांची मोकळी टोके बाहेरच्या बाजूला राहतील असे ते घालावेत, नाही तर ती दुसऱ्या पायाखाली येतात.

सहावी पायरी : सांगाडा आणि पडदा

या विषयावर दुकानात सर्वांत जास्त बोलले जाते आणि नवख्याला त्याची गरज सर्वांत कमी असते. ॲल्युमिनियमच्या नळीवर ताणलेला कृत्रिम कापडाचा पडदा हलका आणि चालताना शांत असतो. एकसंध प्लॅस्टिकचा स्नोशू दणकट आणि तुलनेने स्वस्त असतो, पण कडक पापुद्र्यावर खडखड वाजतो. दातेरी पट्टीचा सांगाडा डोंगरासाठी. लाकडी चौकटीवर कच्च्या चामड्याच्या वाद्या विणलेले पारंपरिक स्नोशू उत्तर अमेरिकेतील आदिवासींनी आपापल्या प्रदेशातील हिमानुसार घडवले : दाट झाडीसाठी गोलसर आणि आखूड, मोकळ्या, खोल हिमाच्या प्रदेशासाठी लांब आणि निमुळते. ते आजही बनतात आणि मऊ हिमावर उत्तम चालतात, फक्त कडक उतारावर त्यांना पकड नसते. ही युक्ती किती जुनी आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो : २००३ मध्ये इटलीच्या दक्षिण टिरोल भागात ३,००० मीटरहून अधिक उंचीवर बर्च वृक्षाच्या फांदीचा एक स्नोशू सापडला, आणि तो ख्रिस्तपूर्व ३८०० ते ३७०० या काळातला ठरला.

सातवी पायरी : बूट आणि काठ्या

स्नोशूसाठी वेगळे बूट लागत नाहीत. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे, तळवा कडक असलेले आणि जाड मोज्यासह बोटे हलवता येतील एवढे ऐसपैस बूट चालतात. बूट आणि विजार यांमधली फट झाकणारे गेटर बांधावेत. काठ्या लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या असाव्यात आणि त्यांच्या टोकापाशी रुंद चकत्या असाव्यात. उन्हाळी काठीची चिमुकली चकती हिमात काठीसकट गडप होते.

आठवी पायरी : आधी भाड्याने, मग विकत

दोन वेगळ्या मापांचे स्नोशू दोन वेगळ्या दिवशी भाड्याने आणावेत आणि सपाट रस्त्यावर मिरवून परत देण्याऐवजी त्यांची रीतसर परीक्षा घ्यावी. मऊ हिमात शंभर पावले चालावे, मागे वळून किती रुतलो ते पाहावे. एका चढावर सरळ चढावे, मग त्याच उतारावर आडवे चालावे आणि टाचेवर भार देऊन उतरावे. मागे पाऊल टाकू नये, कारण शेपूट हिमात रुतून माणूस उताणा पडतो. वळायचे तर लहान वर्तुळ घ्यावे. एकदा मुद्दाम खाली बसून काठ्यांच्या आधाराने उठून पाहावे. तासाभराने पट्टे सैल झाले का, हेही तपासावे.

वापरलेले स्नोशू घेत असाल तर पट्टे वाकवून त्यांत बारीक भेगा दिसतात का ते पाहावे, रिव्हेट (जोड पक्के करणाऱ्या खिळ्या) हलतात का ते चाचपावे, पडद्याचे कडेपाशी फाटणे शोधावे आणि दात्यांची टोके गोल झाली आहेत का हे अंगठ्याने पाहावे. दाते कानशीने थोडेफार धारदार करता येतात. भेगाळलेला पट्टा मात्र बदलावाच लागतो, म्हणून त्या मॉडेलचे सुटे पट्टे अजून मिळतात की नाही, हे पैसे देण्याआधी विचारावे. मिळत असतील तर एक त्याच वेळी घेऊन चार प्लॅस्टिकच्या बंधांसह पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावा.